साहेबाच्या फुग्यातल्या रेघोट्या

"हे काय गिरगटून ठेवलंय?"

मॅडमचं बोट माझ्या चित्रावर होतं. बोटाखाली साहेब. साहेब खुर्चीत बसलेला, डोक्यावर टोपी, तोंड उघडं. तोंडातून निघालेला मोठा फुगा. चित्रकथेतली माणसं ज्या फुग्यातून बोलतात, तो. आणि फुग्यात एकही अक्षर नाही. नुसत्या रेघोट्या. वेड्यावाकड्या, एकमेकींत गुंतलेल्या, फुगा फाटेल इतक्या.

मी तोंड उघडायच्या आत मॅडमनाच उत्तर सापडलं. त्यांना उत्तरं फार लवकर सापडतात.

"अच्छा! साहेब बोलणार इंग्रजी, आणि तुला इंग्रजी येत नाही. म्हणून असं केलंस होय? अगं, मग विचारायचं ना. लाजायचं काय त्यात?"

मग त्या शेजारच्या सरांकडे वळल्या. मी तिथे नाहीच अशा आवाजात, इंग्रजीत म्हणाल्या की किती गोड आहे ना, बिचारीला येत नाही तर रेघा मारून ठेवल्यात. सर हसले. तेही इंग्रजीत म्हणाले की हा निरागसपणा जपला पाहिजे, फार दुर्मीळ होत चाललाय.

मी पहिलीपासून बारावीपर्यंत इंग्रजी शाळेत शिकले. मॅडमच्या त्या एवढ्याशा वाक्यातही एक चूक होती. मी ती मनातल्या मनात दुरुस्त केली आणि खाली पाहत उभी राहिले.

मी फार बोलत नाही. लोकांना वाटतं घाबरते. थोडी घाबरतेही. पण समोरच्याने एकदा धरून चाललं की हिला काही कळत नाही, की तो सगळं बोलतो. मला ते ऐकायचं असतं.

सर एका नागपूरच्या संस्थेचे. मॅडम त्या संस्थेच्या प्रमुख. संस्थेला जिल्ह्यातल्या आदिवासी मुलामुलींकडून इंग्रजांच्या काळातल्या गोष्टी चित्रकथेत काढून घ्यायच्या होत्या. आपला इतिहास आपल्या हातांनी, असं त्यांनी फलकावर लिहिलं होतं. यवतमाळला एका हॉलमध्ये शिबिर भरलं. मी पांढरकवड्याहून आले. राळेगावकडचा मनोज कळंबवरून एसटीने आला. तो गोंड, मी कोलाम. आणखीही काहीजण होते, पण शेवटपर्यंत आम्ही दोघंच टिकलो.

पहिल्याच दिवशी सरांनी आम्हाला पांढऱ्या रंगाच्या बाटल्या आणि गेरूने सारवलेले कागद वाटले. वर त्रिकोण त्रिकोण जोडलेली माणसं काढून दाखवली.

मनोज म्हणाला, "सर, हे तं वारली आहे."

"हो, बरोबर. आदिवासी चित्रकला."

"ते तिकडं पालघरले राह्यते, सर. आमी इकडं राह्यतो."

"स्टाईल म्हणून म्हणतोय मी. लोकांना ओळखीचं वाटतं."

"माह्या बापाले तिकोनी काढलं तं तो मले घरात नाई घेणार, सर," मनोज म्हणाला. मी हसू गिळलं. सरांना विनोद कळला नाही. त्यांनी मनोजला समजावलं की परंपरेचा अभिमान बाळगायचा असतो.

आम्हा कोलामांची भिंतीवरच्या चित्रांची अशी परंपरा नाही. आमच्या हातात बांबू असतो. टोपल्या, सुपं, तट्टे. माझ्या आईची बोटं बांबूच्या कामट्यांनी चिरून चिरून टणक झालीत. म्हणून मी माझ्या पानांवरच्या चौकटी बांबूच्या कामट्यांच्या काढल्या. एक आडवी, एक उभी, एक खालून, एक वरून. आमच्या पोडावरच्या घराचा तट्टा विणतात तशा. पोड म्हणजे आम्हा कोलामांची वस्ती. तट्ट्याच्या एकेका घरात गोष्टीचा एकेक तुकडा. हे मला कुणी शिकवलं नाही. वसतिगृहाच्या वाचनालयात फाटकी कॉमिक पडलेली असायची. मी जेवणाच्या सुट्टीत ती वाचायची. चौकटी मला आवडायच्या. चौकटीत माणूस न बोलता उभा राहिला तरी चालतं.

शाळेबद्दल एकदाच सांगते.

आदिवासी मुलांना मोठ्या इंग्रजी शाळेत घालायची सरकारी योजना आहे. त्या योजनेतून मी गेले. पोडावरून, थेट दुसऱ्या जिल्ह्यात. शाळेचं स्नेहसंमेलन असायचं. बाकीची मुलं राजे व्हायची, पऱ्या व्हायची, शास्त्रज्ञ व्हायची. योजनेतल्या मुलांचा नाच ठरलेला. कमरेला आंब्याची पानं, हातात पुठ्ठ्याचा भाला, अंगाला काळा रंग. दुसरीत असताना रंग लावणाऱ्या बाईंनी माझी हनुवटी धरून माझं तोंड उजेडाकडे वळवलं आणि दुसऱ्या बाईंना म्हणाल्या, "हिला कमी लागेल."

दोघी हसल्या. वाईट नाही हसल्या. सहज हसल्या. डब्यातला रंग वाचला म्हणून.

मी आंब्याची पानं बांधून नाचले. आमच्या पोडावर कुणी कधी पानं बांधून नाचल्याचं मी पाहिलं नाही. दिवाळीत आमच्याकडे दंडार असते. माणसं धोतर, शर्ट घालून, टिपऱ्या घेऊन नाचतात. काका तर हातात घड्याळ घालून नाचतो.

आता काकाबद्दल. काका माझ्या वडिलांचा थोरला भाऊ. माझी गोष्ट त्याची. त्याला त्याच्या आजाने सांगितली, आणि तो ती पोडावरच्या चावडीत बसून सांगतो. दरवेळी तीच सांगतो आणि दरवेळी सगळे त्याच जागी हसतात.

गोष्ट अशी.

इंग्रजांचा एक साहेब जंगल मोजायला यायचा. कोणतं सागाचं झाड कुणाचं, हे ठरवायला. तोवर ते कुणाचंच नव्हतं. साहेब चालायचा नाही. त्याच्याबरोबर एक खुर्ची असायची, खुर्चीला दोन बांबू बांधलेले, आणि बांबूखाली आमच्या लोकांचे खांदे. त्यात एक काकाच्या आजाचा. बिनमोबदल्याची वेठ. नाही म्हटलं की वेत.

एकदा तो आला तेव्हा आमचं गाव बांधलेलं होतं. गाव बांधणं हा आमचा वर्षातला मोठा विधी. पुजारी पोडाची शीव बांधतो, रोगराई आत येऊ नये म्हणून. त्या दिवशी आतल्याने बाहेर जायचं नाही, बाहेरच्याने आत यायचं नाही. शिवेच्या आत जोडे चालत नाहीत. साहेब खुर्चीतून आत आला आणि बुटासकट खाली उतरला. पोडाचा प्रमुख म्हणजे नाईक. त्याने हात जोडले. आज नका, उद्या नेतो. साहेब काहीतरी बोलला. मग वेत नाईकाच्या तोंडावर बसला.

तो काय बोलला, हे मी लहानपणी काकाला विचारलं होतं.

"मले काय माईत? त्याची बोली कोणाले समजत होती? नुसतं कचकच कचकच. पावसाळ्यात बेंडकं बोलते तसं."

म्हणून रेघोट्या. माझ्या गोष्टीत साहेबाला आम्ही ऐकतो. आमच्या कानांनी ऐकतो. त्या कानांना जे ऐकू आलं ते मी काढलं. मला इंग्रजी येतं. पण त्या फुग्यात इंग्रजी लिहिलं असतं तर मी खोटं लिहिलं असतं.

पुढे काय झालं? लोकांनी खुर्ची उचलली. मुकाट. टेकडी चढले, नाला ओलांडला, दाट जंगलात शिरले. साहेबाला झुलत्या खुर्चीत डुलकी लागली. एका सालईच्या झाडाखाली त्यांनी खुर्ची खाली ठेवली.

इथे काका आवाज हळू करतो. "आदळायची नाई. हळू ठेवायची. आदळली का राग दिसते. अशी ठेवायची, जसा तो आपला पाव्हणाच हाय."

आणि ते निघून गेले. पोडावर गेलेच नाहीत. बायका, पोरं, कोंबड्या, दळणाचं जातं, सगळं आधीच दुसऱ्या वाटेने निघालं होतं. बाटलेल्या जागी आम्ही राहत नाही. दूर दुसऱ्या टेकडीआड नवं पोड बसलं. आम्ही आजही तिथे राहतो. साहेबाची माणसं त्याला शोधत गेली तेव्हा तो खुर्चीतच बसलेला होता.

"काहून बसला होता?" चावडीतलं कुणीतरी विचारतं. विचारायचंच असतं.

"मंग काय करंन? बूट होते ना त्याच्याजवळ. पाय कुठी होते?"

इथे सगळे हसतात. म्हाताऱ्या बायका पदर तोंडाला लावून हसतात. मी ही गोष्ट रडत सांगितलेली कधी ऐकली नाही. आमच्या गोष्टीतला साहेब हसण्यासारखा आहे. आमच्याकडे त्याच्यासाठी राग एवढासाच उरलाय. बाकी सगळं हसू.

माझं शेवटचं पान मी तसं काढलं. पूर्ण पानाची एकच चौकट. मोठं जंगल. खाली एका कोपऱ्यात खुर्ची, खुर्चीत साहेब, नखाएवढा. आणि त्याच्या तोंडातून निघालेला फुगा, अर्धं पान व्यापणारा. आत रेघोट्या. ऐकायला कुणीच नाही.

ते पान काकाला दाखवलं तेव्हा त्याने ते बराच वेळ धरलं. मग म्हणाला, "बूट बरोबर काहाडले." एवढंच. मला तेवढं पुरे होतं.

या पानासाठी मी सगळं सोसत होते, हे लक्षात ठेवा. हे पान छापलं जाणार होतं. शाळाशाळांत जाणार होतं. आंब्याची पानं बांधून नाचणारी कुणीतरी मुलगी ते उघडणार होती.

प्रकाशनाच्या आठवडाभर आधी सरांनी मोबाइलवर मला पुस्तक दाखवलं. फुगे भरलेले होते.

साहेब आता शुद्ध मराठीत बोलत होता. पहिल्या पानावर म्हणत होता, "हे वन किती समृद्ध आहे! याचे रक्षण केले पाहिजे." नाईकाच्या तोंडावर वेत बसतो त्या चौकटीतला वेत गायब होता. साहेबाचा हात तसाच वर होता, पण आता तो आशीर्वाद देतोय असं वाटत होतं. आणि शेवटचं पान माझं नव्हतंच. कुणीतरी माझ्या रेषेची नक्कल करून नवं काढलं होतं. साहेब खुर्चीतून खाली उतरलाय. आमची माणसं हात जोडून उभी. साहेब एका पोराच्या डोक्यावर हात ठेवून म्हणतोय, "मी चुकलो. तुम्हीच या वनाचे खरे पुत्र."

"ते तुझं फार निगेटिव्ह होतं," सर म्हणाले. "लहान मुलं वाचणार. संदेश सकारात्मक हवा ना."

"पण असं झालं नाही."

"कशावरून? तूच तर म्हणालीस, तो काय बोलला ते कुणालाच कळलं नाही. मग हे बोलला असेल!"

त्यांना स्वतःचा मुद्दा इतका आवडला की त्यांनी तो लगेच मॅडमना फोन करून सांगितला.

मुखपृष्ठावर मॅडमचं नाव होतं. संकल्पना. सरांचं नाव होतं. मांडणी. खाली लहान अक्षरात: चित्रे, आदिवासी कलाकार, यवतमाळ जिल्हा. मनोज आणि मी. आम्हाला नाव नव्हतं. जिल्हा होता.

मी मनोजला फोन केला.

"माह्या गोष्टीत तं फुगेच नाई," तो म्हणाला. त्याची गोष्ट मोहाच्या दारूवर इंग्रजांनी बंदी घातली त्याची होती. "काय भरतीन? पण साल्याइनं मोहाच्या बाटलीचा रंग बदलवला. आता सगळे आदिवासी सरबत पेऊन राह्यले. सरबतासाठी जेलात जाऊन राह्यले, पाह्य."

आम्ही दोघंही हसलो. मग तो म्हणाला, "तू काय करून राह्यली मंग?"

मी म्हणाले, माहीत नाही. खरंच माहीत नव्हतं. मनात आलं, माझी मूळ पानं तरी हॉलमध्ये भिंतीवर लागणार आहेत. निदान ती लोक बघतील.

प्रकाशनाच्या दिवशी मॅडमनी मला पिसं बांधली.

खोटं नाही सांगत. कापडी पट्टी, तिला कवड्या आणि मोरपिसं. भाड्याने आणलेली. "तुमच्याकडे असं घालतात ना?" मी मान हलवून नाही म्हटलं. "असू दे, छान दिसतंय," म्हणत त्यांनी गाठ मारली. केस ओढले गेले. मग त्यांनी मला मंचाच्या पायथ्याशी चटईवर बसवलं. समोर मोठा फलक. फलकावर त्यांचं शेवटचं पान, फक्त बाह्यरेषा. पाहुण्यांच्या डोळ्यांदेखत मी त्यात रंग भरायचा, असा कार्यक्रम होता. हात जोडलेल्या माझ्या लोकांना तपकिरी. साहेबाच्या चेहऱ्याला गुलाबी.

"आणि हे बघ," मॅडम माझ्या कानाशी वाकल्या, "कुणी इंग्रजीत काही विचारलं तर नुसतं हसायचं. तू बोलू नकोस. तुझं ते लाजणंच फार छान वाटतं."

बहुधा तोवर कुणीतरी त्यांना माझ्या शाळेबद्दल सांगितलं होतं.

मी ब्रश हातात धरून बसले. गुलाबी रंगात बुडवलाही. भरला नाही.

पोडावरची दंडार पथकाची माणसं नाचायला बोलावली होती. पांढरकवड्याचे शकीलभाई त्यांच्या टेम्पोतून त्यांना घेऊन आले. त्यात काका होता. काकाने नवं धोतर नेसलं होतं. आत आला तो थेट भिंतीकडे गेला, माझी पानं शोधत. ती सापडल्यावर एकेका पानासमोर उभा राहिला. शेवटच्या पानाशी पोचला. तिथे माझं पान नव्हतं. त्यांचं होतं.

तो माझ्याकडे आला. माझ्या डोक्यावरच्या पिसांकडे त्याने पाहिलं आणि नजर काढून घेतली.

"बूट काहून काहाडले व त्याचे?"

मी नीट पाहिलं. खरंच. त्यांच्या साहेबाच्या पायात बूट नव्हते. पुस्तकात माझ्या लक्षात आलं नव्हतं. पवित्र वाटावा म्हणून त्याला अनवाणी केलं होतं.

"मी नाही काढले काका."

"मले माईत हाय." मग त्याने विचारलं, "पुस्तक निघते ना पण? तुह्यं?"

मी हो म्हणाले. तो म्हणाला, बरं. आणि टिपऱ्या घेऊन आपल्या माणसांत जाऊन बसला.

मग ती खुर्ची आली.

दाराजवळ कापड झाकून काहीतरी ठेवलं होतं, ते सरांनी उघडलं. सागाची खुर्ची. दोन्ही बाजूंना बांबू बांधलेले, बांबूंना झेंडूच्या माळा. माझ्या चित्रावरून हुबेहूब करून घेतलेली. लोक तिच्यात बसून फोटो काढू लागले. एक बाई पाय हलवत बसली आणि तिच्या नवऱ्याने टिपरीवाल्या दोघांना मागे उभं राहायला सांगितलं. "हसा ना," तो म्हणाला. ते हसले.

तेवढ्यात मुख्य पाहुणे आले. मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले साहेब, हातात स्वागताचा नारळ. माईकवरून मॅडमचा आवाज आला: "आता एक अनोखा क्षण! आपले आदिवासी बांधव माननीय पाहुण्यांना इतिहासाच्या या खुर्चीतून मंचापर्यंत आणतील!"

टाळ्या. पाहुणे म्हणाले, "नको नको, छे, हे कशाला." आणि बसले. नको नको म्हणत बसणारी माणसं मी खूप पाहिली आहेत. ती कधी उभी राहत नाहीत.

मला वाटलं, यांनी गोष्ट वाचलीच नाही. काढून घेतली, खोडली, भरली, छापली, सुतारही लावला. वाचली नाही. नाहीतर आमच्या माणसांना खुर्ची उचलायला सांगायची हिंमत कुणी केली नसती.

सरांनी चार माणसं निवडली. पुढच्या उजव्या बांबूला काका. बहुधा त्याचं धोतर नवं होतं म्हणून. काका खाली वाकला नाही. त्याने मान वळवली आणि अख्ख्या हॉलमधून मला शोधलं. मी चटईवर, पिसं लावून, हातात गुलाबी ब्रश.

त्याच्या तोंडावर राग नव्हता. प्रश्न होता. मोठ्याने, आमच्या कोलामीत त्याने विचारलं, "पोरी, तुझ्या पुस्तकासाठी उचलायची का?"

आसपासची माणसं कौतुकाने हसली. त्यांना वाटलं, हा काही मंत्र असेल.

त्याने उचलली असती. हे मला आजही सलतं. ज्याच्या आजाने ती खुर्ची जंगलात ठेवून दिली, त्याने ती माझ्यासाठी परत खांद्यावर घेतली असती. एक शब्द न बोलता. माझं पुस्तक निघावं म्हणून. आणि ते पुस्तक कसलं? ज्यात साहेबाला पाय फुटलेत आणि आम्हाला जोडायला हात.

मी मान हलवलीही नाही. पण काकाने माझी गप्प राहायची सवय होकार समजून घेतली. सगळेच घेतात. तो वाकला. चौघांनी खांदे दिले. "एक, दोन, तीन!" सर म्हणाले. खुर्ची वर गेली. माळा झुलल्या. मोबाइल वर झाले. पाहुणे हात हलवत होते.

खुर्ची हॉलच्या मधोमध आली तेव्हा मी उभी राहिले.

पिसांची गाठ सुटेना. मी पट्टी वरच्या वर ओढून काढली आणि गुलाबी रंगाच्या डब्यात टाकली. मग मी बोलले. कोलामीत. इतक्या मोठ्याने मी त्याआधी आयुष्यात कधी बोलले नव्हते. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

"काका, खाली ठेवा. हळू ठेवा. आपण जाऊ."

मी इंग्रजीत बोलू शकले असते. त्या हॉलमधल्या कुणाहीपेक्षा चांगलं बोलू शकले असते. मनात वाक्य तयारही होतं. मॅडमचं तोंड बघण्यासारखं झालं असतं. पण मग ते वाक्य त्यांना कळलं असतं, आणि जे कळतं त्याचं ते कौतुक करतात. किती छान बोलते, म्हणाले असते. टाळ्या वाजवल्या असत्या.

काका थांबला. चौघंही थांबले. त्याच्या मिशीखाली काहीतरी हललं. मग त्यांनी खुर्ची खाली ठेवली. आदळली नाही. अशी ठेवली की पाहुण्यांच्या हातातला नारळसुद्धा हलला नाही. जसा तो आपला पाहुणाच आहे.

आणि आमची माणसं वळली. टिपऱ्या उचलल्या. दाराकडे निघाली.

"काय म्हणाली ती?" मॅडमचा आवाज माईकमध्येच गेला. अख्ख्या हॉलने ऐकला. "अरे, काय म्हणाली? कुणीतरी सांगा ना! काका, काय म्हणाली ती?"

काकाने सांगितलं नाही. त्याने नुसतं त्यांच्याकडे पाहिलं, पावसाळ्यात डबक्याकडे पाहावं तसं.

मी भिंतीवरची माझी पानं काढली. एकेक, चिमट्यांतून. सर धावत आले. "अगं, हे प्रोजेक्टचं आहे! असं नाही नेता येत!" मी पानं काढत राहिले. त्यांचा आवाज येत होता, शब्द येत नव्हते. शेवटचं पान मी तिथेच लटकत ठेवलं. ते त्यांचं होतं.

मनोज खांबाला टेकून उभा होता. "चालतं का?" मी विचारलं.

"तू व्हय पुढं," तो म्हणाला. "मले पाहू दे, हा उठते का नाई."

बाहेर शकीलभाई टेम्पोत चहा पीत बसले होते. आम्हाला पाहून दचकले.

"इतक्या लवकर प्रोग्राम खतम? मेहमान नाही आया क्या?"

"आला ना," काका म्हणाला. "बसला हाय."

शकीलभाईंना काही कळलं नाही, आणि टेम्पोतली सगळी माणसं एकदम हसली. चावडीत हसतात त्याच जागी. मी पण हसले. टेम्पो निघाला तशी पानं माझ्या मांडीवर फडफडू लागली. काकाने ती स्वतःकडे घेतली आणि वारा लागू नये म्हणून शर्टाच्या आत ठेवली.

मनोजचा फोन आम्ही पांढरकवड्याला पोचायच्या आत आला. हायवेवरच्या ट्रकांत नीट ऐकू येत नव्हतं. मी स्पीकर लावला.

"बसूनच होता व तो! खरं सांगतो. हॉलच्या मधात. त्याले समजेच ना, आता उतरावं का कोणी नेईन. मॅडम इकडून म्हणते उतरा, सर तिकडून पोरं शोधून राह्यला उचलाले. आन् तो नारळ धरून बसला."

"मंग?" टेम्पोतून कुणीतरी ओरडलं.

"मंग काय! मीच गेलो. म्हतलं साहेब, पाय हाय ना, खाली टेकवा."

पुस्तक निघालं. माझी पानं त्यांच्या मशीनमध्ये आधीच होती. शाळांत वाटलं. चित्रे, आदिवासी कलाकार. मॅडमनी कुठेतरी मुलाखत दिली की या मुलांना संधी देऊनही त्यांना ती पेलत नाही, त्यांच्या मागे कुणीतरी भडकवणारं असतं. सरांनी मला इंग्रजीत लांबलचक मेसेज पाठवला. आता त्यांना ठाऊक होतं मला वाचता येतं. त्यात सन्मान, संवाद, गैरसमज असे शब्द होते. मी चुका मोजल्या नाहीत. उत्तर दिलं नाही.

लोक मला सांगतात, जाऊ दे, नाव तर झालं. कुणाचं झालं? एक बाई म्हणाल्या, त्यांचा हेतू वाईट नव्हता. रंगाच्या डब्यावाल्या बाईंचाही नव्हता. वेतवाल्या साहेबालासुद्धा कुणी विचारलं असतं तर त्याचाही निघाला नसता. मी आता हेतू बघत नाही. मी खांदा कुणाचा आहे ते बघते.

आमच्या चावडीची मागची भिंत कोरी होती. काकाने ती सारवून दिली. मी तिच्यावर गोष्ट पहिल्यापासून काढते आहे, कामट्यांच्या चौकटींत, माणसाएवढी मोठी. वेत जिथे होता तिथे आहे. नाईकाच्या गालावरचा वळ मी आईकडून तिसऱ्यांदा तपासून घेतला. संध्याकाळी पोरं समोर बसतात आणि रेघोट्यांचा फुगा मोठ्याने वाचतात. प्रत्येकाचा आवाज वेगळा. एक तर अगदी बेडकासारखा वाचतो.

चावडीवरच्या चौकटींचे फोटो काढून आम्ही ते साध्या कागदावर छापून घेणार आहोत. मनोजची खरी मोहाची बाटली त्यात असेल. वर आमची दोघांची नावं असतील, पूर्ण, आडनावासकट. जी शाळा ते घेईल तिथे मी स्वतः जाईन. जिथे मुलींना पानं बांधून नाचवतात, त्या शाळेत तर नक्की जाईन. मी तिथे बोलेन. मला बोलता येतं.

भिंतीवर साहेबाच्या पुढे अजून जागा आहे. तिथे आता एक हॉल आहे, एक खुर्ची, झेंडूच्या माळा, नारळ धरून बसलेला एक माणूस. त्याच्या बाजूला हातात माईक घेतलेली एक बाई. तिच्या तोंडातून निघणारा फुगा मी सगळ्यात मोठा काढला आहे. आत रेघोट्या भरायला घेतल्या आहेत. हा फुगा मी कुणालाही भरू देणार नाही.